डाव्या बाजूची जागा

दुसरा डोळाही गेला, त्याला दीड वर्ष झालं तेव्हा तिला रडूही येईनासं झालं. डॉक्टरांनी साखरेला बोल लावला, भावाने डॉक्टरांना. तिने कुणालाच लावला नाही. भावाच्या घरी खिडकीपाशी खुर्ची टाकून ती बसून असायची. वहिनी जाता-येता म्हणायची, "वन्सं, अशाच बसलात तर एक दिवस मी तुमच्यावर घड्या घातलेले कपडे ठेवीन हो."

वहिनीनेच मग कुठून तरी माहिती काढली. एका इस्पितळात अंध बायकांना स्तनांची तपासणी शिकवत होते. बारीक गाठ डोळ्यांना दिसत नाही, सरावलेल्या बोटांना लागते. ती गेली, कारण नाही म्हणायलाही जोर लागतो आणि तेवढा तिच्यात उरला नव्हता.

शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. रबराच्या छातीत दडवलेले मणी शोधायचे. आधी वरवर दाबायचं, मग जरा जोराने, मग खोल. एखादा मणी सुटला की बाई म्हणायच्या, "गाडी चुकतेय का कुठली? पुन्हा कर." नऊ महिन्यांनी तिला त्याच इस्पितळात नोकरी लागली. जवळच तिने खोली घेतली. काठी टेकत एकटी जायची, एकटी यायची, स्वतःपुरतं रांधायची. लोक म्हणायचे, केवढी जिद्द. ती ऐकून घ्यायची. जिद्द-बिद्द काही नव्हती; रोज सकाळी सहाजणी वाट बघत असायच्या, म्हणून ती उठायची.

तिसऱ्या वर्षी वहिनी तपासून घ्यायला आली. "जगभरच्या बायका तपासता, घरच्यांनीच काय घोडं मारलंय?"

तिने वहिनीच्या छातीवर उठावदार ठिपक्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. ठिपके मोजले की जागा नेमकी सांगता येते. वहिनी भावाच्या घोरण्याबद्दल बोलत होती. डाव्या बाजूला, खोल दाबल्यावर, बोटांखाली काहीतरी आलं. डाळीएवढं, कडक, जागचं न हलणारं. तिने शिकवल्याप्रमाणे बोटं मागे नेली, पुन्हा आणली. ते तिथेच होतं. तिने ठिपके मोजले.

"वन्सं, गप्प का झालात?"

"इथे एक जागा आहे. डॉक्टर बघतील."

हे वाक्य तिने याआधी कितीतरी जणींना असंच, याच आवाजात सांगितलं होतं.

"हे मला सांगताय की पेशंटला?" वहिनीने विचारलं.

"दोघींना."

गाठ वाईट निघाली, पण लवकर सापडली. शस्त्रक्रिया झाली. भाऊ तिचे हात धरून ढसाढसा रडला आणि ती त्याचं रडणं संपेपर्यंत उभी राहिली. इस्पितळ जवळ पडतं म्हणून वहिनी पंधरा दिवस तिच्याच खोलीत राहिली.

एका दुपारी वहिनी म्हणाली, "खरं सांगा, तेव्हा घाबरला होतात?"

तिने आठवून पाहिलं. "नाही गं. काहीच वाटलं नाही. आत्ताही वाटत नाही."

वहिनीने पाठीमागची उशी सारखी केली. मग म्हणाली, "असू द्या. मी घाबरले तेवढं दोघींना पुरेल. चहा टाका."

तिने चहा टाकला. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे सातजणी होत्या.