चावडीखाली राहिलेली हरकत

दुपारी खदानीत सुरुंग उडाला, तसं तनुजानं सवयीनं पिठाच्या परातीवर ताट झाकलं. छपरातून माती गळायचीच. शहर वाढत होतं, त्याच्या पडेगावकडच्या अंगाला रोज नवी इमारत उभी राहत होती आणि तिची खडी ह्या गावच्या डोंगरातून जात होती. दुष्काळात गावच्या एकाच विहिरीला पाणी उरलं होतं, तीही नेमकी खदानीच्या पायथ्याशी.

त्या दिवशी साहेबलोक येणार होते. खदानींसाठी नवे नियम करायचे, त्याआधी गावाचं म्हणणं ऐकायचं, असं ठरलं होतं. ठरलं ते चांगलंच. पण गाव म्हणजे कोण? तनुजा सरपंच होती, कागदावर. खुर्चीत बसायचा तिचा नवरा सुदर्शन. त्यात सुनावणी चावडीवर! चावडीपुढून जाताना गावच्या सुना अजून चपला हातात घेतात. वर चढायची तर बातच सोडा. आपण ह्याला मर्यादा म्हणतो. म्हणायला आपलं काय जातं?

तरी तनुजा गेली आणि चावडीच्या भिंतीआड बायकांत उभी राहिली. बाया पाण्यावर असताना सुरुंग उडवू नये, एवढंच तिला सांगायचं होतं.

"विहिरीची काही अडचण?" वर चावडीवर साहेबांनी विचारलं.

"काय बी नाय, साहेब," सुदर्शन म्हणाला. ह्या गड्यानं जन्मात घागर उचलली नव्हती.

तनुजा पुढं सरली, तसा सासूनं, वच्छलाबाईनं, तिचा पदर धरला. "कुठं चाल्ली? वर मोठी माणसं बसलीत. घराची इज्जत घालवती का?"

तनुजा थांबली. साहेब चहा पिऊन गेले.

पुढच्याच महिन्यात वच्छलाबाईची जाऊ गोजरबाई पाणी शेंदत होती. सुरुंग उडाला आणि दगडाची कपची थेट डोळ्यात घुसली. डोळा गेला.

नियमांचा मसुदा वाचून दाखवायला साहेब परत आले. तनुजा चपला पायात ठेवूनच चावडी चढली. वच्छलाबाई जावेचा हात धरून खाली उभी होती. तिनं सुनेला अडवलं नाही, वर बघितलंही नाही.

"सरपंच मी हाय," तनुजा म्हणाली. "मागच्या टायमाला मी भिंतीआड व्हते. समदं ठाऊक आसून बोलले नाय. लई लाज वाटती मला. आता लिवा, साहेब. बाया पाण्यावर आसताना सुरुंग नाय. आन् सुनावणी हितं नाय, विहिरीपाशी घ्या. तिथं आमाला कोणी आडवत नाय."

साहेबांनी लिहून घेतलं. सुदर्शन कुणी न सांगताच खुर्चीतून उठला.

"सुदर्शन," खालून गोजरबाई बोलली, "एवढंच सांग बाबा. अडचण नाय म्हणलास, तवा घरात कोणाला इचारलं व्हतंस?"

सुदर्शनला काकूच्या पट्टी बांधलेल्या डोळ्याकडं बघवेना. चावडीवर गावातली सगळी मोठी माणसं बसली होती. त्यांतला एकेकजण खाली उतरायला चपला शोधू लागला.