नुन्झियाताची टोपली

मी एक जुनी टोपली आहे, आणि मित्रांनो, मी रागावलेली आहे. आपली कहाणी गोड आवाजात सांगावी, हे मला कळतं. पण जिने मला इथे परक्या मुलखात आणून भिंतीला टांगलं, तिच्याबद्दल गोड बोलायला माझी जीभ वळत नाही.

नेपल्सच्या मागच्या डोंगरात एका म्हाताऱ्या बुरडाने मला विणलं. माझी मालकीण नुन्झियाता, तिचा नवरा नेपल्सच्या गोदीत कामाला होता. त्याने माझ्या कडीला जहाजाचा दोर बांधला आणि चौथ्या मजल्यावरच्या सज्जातून मला गल्लीत सोडलं. पुढे नवरा गेला, मग नुन्झियाताचे गुडघे गेले. जिना उतरणं तिला जमेना. तेव्हापासून मीच तिचे पाय झाले. पाव, टोमॅटो, औषधं, सगळं माझ्यातून वर जायचं.

रोज सकाळी खालचा वाणी एर्मिनियो शीळ घालायचा. "काय मावशी, राणीसाहेबांना आज काय हवं?"

"पाव दे. आणि कालच्यासारखा शिळा नको! माझे दात काही तुझ्या जिभेएवढे धारदार नाहीत!"

सारी गल्ली हसायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग मारित आली. दूर उत्तरेकडची विद्यार्थिनी, भूमध्य समुद्राकाठच्या लोकांचं जगणं शिकायला वर्षभरासाठी आलेली. नुन्झियाताने तिला खोली दिली. पहिल्याच दुपारी नुन्झियाता जेवत होती. मारित दारात दिसताच ती रीतीप्रमाणे म्हणाली, "ये, जेवायला बस." आमच्याकडे यावर "नको, तुमचं चालू द्या" म्हणायचं असतं. मारितने खुर्ची ओढली आणि ताट संपवलं! नुन्झियाताने कोरडा पाव खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी सज्जातून एर्मिनियोला सांगितलं, "पोरगी गुणाची आहे रे, पण 'नको' हा शब्द तिच्या गावात नसावा!"

अहो, मग तिला समजावायचं ना! पण पाहुण्याची चूक दाखवणं म्हणजे त्याचा अपमान, ही नुन्झियाताची समजूत. तिचाही मला राग येतो.

वर्ष सरलं. निघायच्या दिवशी मारितने माझ्यावरून हात फिरवला. "किती सुंदर आहे ही! मला फार आवडते."

"आवडते? मग तुझीच समज!" नुन्झियाता म्हणाली.

गल्लीतल्या कुणीही छातीवर हात ठेवून तीनदा नकार दिला असता. मारितच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने म्हातारीला मिठी मारली, सज्जाच्या कठड्याला बांधलेल्या दोराची गाठ सोडली आणि मला दोरासकट उचललं. नुन्झियाता हसत होती. तिचा हात मात्र रिकाम्या कठड्यावर तसाच राहिला होता.

आता माझ्यात वाळलेली फुलं आहेत. आल्यागेल्याने "वा, काय छान!" म्हणायचं, एवढंच माझं काम. परवा मारितने विद्यापीठासाठी लिहिलेलं मनोगत मैत्रिणींना वाचून दाखवलं. "त्या लोकांनी मला शिकवलं, की माणसाला जगायला फार थोडं लागतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोडं लागतं! अगं बये, ते थोडंच तर तू काखोटीला मारून आणलंस! वर्षभर शिकलीस, आणि एका म्हातारीचा जिना तुला दिसला नाही?

मित्रांनो, परक्या घरी जाल तेव्हा तिथली भाषा शिका, जेवण शिका, पण त्याआधी "नको" म्हणायला शिका. देणारा हसत असला तरी त्याच्या हाताकडे बघा.

निघायच्या त्या दिवशी मारित मला घेऊन गल्लीत उतरली तेव्हा दुकानातून एर्मिनियोची शीळ वाजली. "मावशी, सोडा टोपली! पाव गरम आहे!"

वरून आवाज आला, "आज नको रे. घरात भरपूर आहे."

घरात एक कांदा होता. आदल्या दिवशी मीच तो वर नेला होता.