जवाच्या चहाचा गुण

मुलुंड पूर्वेच्या त्या इमारतीत धोंडू मेस्त्रींच्या दाराची बेल वाजवायचा तो फक्त कचरेवाला. बायको मालन दोन वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नव्हतं. बिस्किटांच्या कारखान्यातले सोबती कुणी गावी परतले, कुणी कायमचेच गेले. घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून मेस्त्री दिवसभर टीव्ही चालू ठेवत.

त्यांना रक्तदाबाची रोजची गोळी होती. मोबाइलवरच्या एका व्हिडिओत त्यांनी जवाच्या चहाचं ऐकलं. जव खरपूस भाजायचे, पाण्यात उकळायचे, गाळून प्यायचं. त्याने म्हणे रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, प्रतिकारशक्ती वाढते. मेस्त्रींनी आपल्या डॉक्टरांना विचारलं.

"प्या की," डॉक्टर म्हणाले. "दूध-साखरेच्या चहापेक्षा बरा. थोडाफार उपयोग होतही असेल, पण पक्कं कुणी सांगू शकत नाही. गोळी मात्र सोडायची नाही. हे औषध नव्हे, मेस्त्री."

पहिल्याच दिवशी जव जरा जास्त भाजले गेले आणि करपट वास जिन्यापर्यंत गेला. बेल वाजली. समोरच्या घरात भाड्याने राहणारी, घरूनच लॅपटॉपवर काम करणारी ऋतिका दारात उभी होती.

"काका, काही जळतंय का? गॅस बंद आहे ना?"

"जळत नाय गो, जव भाजतोय. ये, चव बघ."

ती आत आली. फुंकर मारत घोट घेतला नि म्हणाली, "कॉफीसारखा लागतो की. झकास!" कप रिकामा झाल्यावरही ती थोडा वेळ बसली. त्या संध्याकाळी मेस्त्रींनी टीव्ही लावलाच नाही.

मग ते जव जाणूनबुजून जरा जास्तच भाजू लागले. दारही किलकिलं ठेवू लागले. ऋतिका काम संपवून यायची, कधी दमलेली, कधी हसत. पण जवाबद्दल बोलून बोलून किती बोलणार? हळूहळू तिची नजर मोबाइलकडे वळू लागली. एकदा तिने सहज विचारलं, "काका, खरंच फरक पडतो का याने?"

"फरक? अगो, गोळी सोडली मी!"

तिने मोबाइल बाजूला ठेवला. "काय सांगता! आणि डॉक्टर?"

"बघतच राहिले."

ती पुढे सरकून बसली. एकेक विचारत गेली, आणि मेस्त्री रंगवून सांगत गेले. कितीतरी दिवसांनी कुणी त्यांचं असं कान देऊन ऐकत होतं.

"माझ्या आईलाही बीपी आहे," ऋतिका म्हणाली. "अकोल्याला एकटीच असते. गोळ्यांना कंटाळलीय बिचारी. सांगते तिला."

खरं बोलायची हीच वेळ होती. मेस्त्रींच्या ओठांवर आलंही होतं. "सांग की," ते म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी आपली गोळी पाण्याबरोबर घेतली. आपण काय करून बसलो, हे तेव्हाच त्यांच्या मनात आलं होतं. पण दुसऱ्या दिवशी ती आईसाठी जव मागायला आली आणि त्यांनी आनंदाने कढई चढवली. दाणा न् दाणा सारखा भाजून पुडा बांधून दिला.

महिना-दीड महिना गेला असेल. भरदुपारी दार आपटल्याचा आवाज आला म्हणून ते बाहेर आले. ऋतिका बॅग घेऊन लिफ्टपाशी उभी होती.

"आईला झटका आला, काका. उजवा हात, पाय... बोलताही येत नाहीये नीट. डॉक्टर म्हणतात, गोळ्या बंद करायलाच नको होत्या."

लिफ्ट आली आणि ती गेली.

मेस्त्रींना जेवण जाईना. पुढचे काही दिवस फोन हातात घ्यायचा नि खाली ठेवायचा, एवढंच चाललं होतं. शेवटी लावला.

"ऋतिका, मी गोळी सोडलीच नव्हती. कधीच नाय. डॉक्टरांनी सोडू नको म्हणून बजावलं होतं मला."

पलीकडे हॉस्पिटलचा गलका ऐकू येत होता.

"मग असं का सांगितलंत?"

"तू बसायचीस ना, ऐकत."

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली. मग तिने फोन ठेवून दिला.

पुढच्या महिन्यात ती सामान न्यायला आली. मेस्त्रींनी न विचारताच एक खोकं उचललं. तिने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, पण हिसकावलं नाही.

"राहू द्या. तुम्हाला जड होईल."

"कशी आहे आई?"

"आता हात थोडा हलतो. घास भरवावा लागतो."

"नाव काय तिचं?" इतक्या संध्याकाळी एकत्र घालवूनही हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

ऋतिकाने त्यांच्याकडे पाहिलं. "शालन," ती म्हणाली, आणि खोकं घेऊन जिना उतरू लागली.

खाली टेम्पो सुरू झाला. मेस्त्री खिडकीशी आले, तोवर तो कोपऱ्यावरून वळला होता. समोरच्या घराचं दार उघडंच राहिलं होतं. त्यांनी ते ओढून लावलं आणि कडी नीट बसली की नाही ते हात लावून पाहिलं.