गायीमागे एक घर

आमच्या सासूबाई अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेल्या, त्याही सकाळच्या धारा आटोपून. काम अर्धवट टाकायची त्यांना सवयच नव्हती. बादली धुऊन पालथी घातली, शेवटच्या गायीजवळ स्टुलावर टेकल्या आणि टेकल्याच. आमचे हे वैरण घेऊन आत गेले तर त्यांना वाटलं, आईची प्रार्थना चालू आहे. चांगली दहा मिनिटं भारा डोक्यावर घेऊन मुकाट्याने उभे राहिले. असली चूक आमच्याच घरात व्हावी.

त्याचं कारण असं, की सासूबाई धारा काढताना प्रार्थना करायच्या, आणि तीही वाटून. गायीमागे एक घर. ढवळीला बसल्या की पोस्टमनचं घर, तांबडीला बसल्या की बेकरीवाल्याचं. त्या घरात कोण आजारी, कोणाची परीक्षा, कोणाचं लग्न जमत नाही, सगळं देवाच्या कानावर घालायचं, ते बादली भरेपर्यंत. गाय विकली की त्या घराला दुसरी गाय मिळायची आणि तसा निरोप त्या स्वतः जाऊन द्यायच्या. गावाच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की लोक मला बाजारात थांबवून विचारायचे, "काय वहिनी, आमची गाय बरी आहे ना?" बेकरीवाला शिळे पाव घेऊन यायचा, ते फक्त तांबडीला. दुसरीने तोंड पुढे केलं तर तिला चक्क हाकलायचा.

गायी कधी नऊ, कधी अकरा, आणि घरं त्याहून जास्त. मग जोड्या लावाव्या लागत. शिंपी आणि लोहार एकाच गायीवर होते आणि त्यांचं एकदा मधल्या भिंतीवरून कडाक्याचं वाजलं. शिंपी तणतणत गोठ्यात आला. "काकू, मला त्याच्या गायीवरून काढा!"

सासूबाईंचे हात थांबले नाहीत. "लोहार परवाच येऊन हेच सांगून गेला. तुमचं दोघांचं एवढं एकमत आहे, तर भांडता कशाला?"

पुढे ह्यांनी धारांचं मशीन आणलं. सासूबाई नको म्हणाल्या नाहीत. फक्त मशीन लावलेल्या प्रत्येक गायीजवळ स्टूल घेऊन बसायच्या, तिच्या पोटावर हात ठेवून. मशीनचं काम पाच मिनिटांत व्हायचं. "आई, गायीचं झालं, तुझं कधी व्हायचं?" असं हे रोज ओरडायचे. शेवटी कंटाळून ह्यांनी एक गाय हाताने पिळायला त्यांच्याकडे ठेवली, म्हणजे निदान तिथे तरी त्यांना कोणी घाई करू नये.

एवढं सगळं कौतुकाने सांगतेय खरी, पण माझ्या मनात एक काटा होता. मला गाय कुठली, ते मला कधीच कळलं नाही. अख्ख्या गावाला गाय होती. ज्याच्याशी आमचं सात पिढ्यांत पटलं नाही, त्या पाणीवाल्यालाही होती. मला नव्हती.

मी शहरातली. लग्न होऊन महिना झाला असेल, तेव्हा वासरू बांधायचं माझ्याकडून राहिलं आणि ते पहाटे एका गायीचं सगळं दूध पिऊन बसलं. दूधगाडी दारात उभी, गाडीवाला, पोस्टमन, वन्सं सगळे समोर. सासूबाई म्हणाल्या, "हिच्या आईने हिला शिकवलं तरी काय?" माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेलेली. त्यांना ते माहीत होतं. तोंडून निघून गेलं असेल, पण गेलं. मी अकरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही आणि सकाळच्या वेळी गोठ्यात पाऊल टाकायचं कायमचं सोडलं. स्वयंपाकघर माझं, गोठा त्यांचा. त्यांनी माफी मागितली नाही. मात्र त्यानंतर एकतीस वर्षांत मला लागेल असा एक शब्द त्या बोलल्या नाहीत. त्याचं श्रेय मी स्वतःला देत आले. मी गिळलं म्हणून हे घर टिकलं, असं चारचौघांत म्हणायचे. मी असं म्हटलं की ह्यांना हटकून खोकला यायचा.

सासूबाईंना पोचवून आलो त्या दिवसापासून घरात माणसांची रीघ लागली. जो येईल तो स्वतःच्या गायीची गोष्ट सांगून रडायचा. मी चहा करत होते आणि आतून जळत होते. त्यातच प्रार्थनाघर सांभाळणारे काका आले आणि म्हणाले, "रविवारी सगळे जमतील. सूनबाई, त्यांच्याबद्दल तुम्ही बोला. तुमच्याइतकं त्यांच्याजवळ कोण होतं?"

मी हो म्हणून बसले आणि माझी झोप उडाली. माझ्यासाठी ज्या बाईने देवाकडे कधी एक शब्द खर्च केला नाही, तिच्याबद्दल मी लोकांसमोर काय बोलू? आणि खोटं बोलायचं, तेही प्रार्थनाघरात?

शनिवारी संध्याकाळी मी गोठ्यात गेले. वन्सं धारांना बसल्या होत्या. वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण, दोन घरं सोडून राहतात. सकाळच्या धारांना त्या रोज आईच्या मदतीला यायच्या, त्यामुळे आईचं पुटपुटणं त्यांच्या कानांवरून गेलेलं होतं. मी आडवळण न घेता विचारलं, "वन्सं, खरं सांगा. माझी गाय कुठली होती?"

वन्संनी वर पाहिलंसुद्धा नाही. "तुझी गाय नव्हती."

"वाटलंच मला."

"थांब, ऐकून तर घे. जायची घाई तुला नेहमीच." त्यांनी बादली बाजूला सरकवली. "तू बोलणं टाकलंस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी आई गोठ्याच्या दाराशी थांबली. आत येईना. मला वाटलं, पायात काटा गेला. तर कडीवर हात ठेवून म्हणत होती, आज माझ्या तोंडून तिला लागेल असं काही निघू देऊ नकोस. मग आत आली. तेव्हापासून रोज. आधी ते, मग गायी."

"रोज?"

"ताप असला तरी. ती गेली त्या दिवशीसुद्धा म्हणाली. मी मागेच होते."

मला काय वाटलं ते सांगायची लाज वाटते. मला आधी राग आला. "रोज देवाला साकडं घालावं लागावं, इतकी मी वाईट होते का हो?"

"तुझ्यासाठी नाही गं, वेडे, स्वतःसाठी मागायची. तिची जीभ कशी होती ते तुला एकदाच कळलं, आम्ही पोरं तिच्या हाताखाली वाढलो. आम्हाला तर ती शेवटपर्यंत फाडून खायची. परवापरवा मला म्हणाली, तुला साधी बादली धरता येत नाही का, साठी उलटली तरी! गप्प बसली ती फक्त तुझ्यापुढे."

"मग मला सांगितलं का नाही कोणी?"

"तिनेच बजावलं होतं. म्हणायची, सांगितलंस तर ती उगाच माझ्याशी जपून बोलायला लागेल. बोलू दे तिला मनासारखं, तिला आई नाही."

मी दारातल्या पेंढीवर बसले आणि मोठ्याने रडले. वन्सं माझ्याजवळ येऊन बसल्या. समोरची गाय अर्धवट पिळलेली तशीच उभी राहिली, आणि आमच्या गोठ्यात असं पहिल्यांदा झालं.

रविवारी प्रार्थनाघर इतकं भरलं, की लोक खिडक्यांशी उभे होते. शिंपी आणि लोहार एका बाकावर बसले होते, मध्ये टोपी ठेवून. काकांनी मला पुढे बोलावलं. मी ठरवून गेले होते, की कष्टाळू होत्या, भाविक होत्या, गावाला धरून होत्या असं सगळं बोलायचं. ते सगळं खरंही होतं. पण उभी राहिले आणि तोंडून वेगळंच निघालं.

"आमच्या घरात गिळलं ते मी, असं मी तुम्हा सगळ्यांना सांगत आले," मी म्हणाले. "ते खोटं आहे. मी त्यांना हळू चालता म्हणून बोलले, ऐकू येत नाही म्हणून बोलले. गेल्या त्याच्या आदल्या दिवशी, डाळ सांडली म्हणून बोलले. त्यांनी मान खाली घालून डाळ वेचली. मला वाटायचं, त्यांच्याकडे उत्तर नाही."

आमचे हे पहिल्या बाकावर होते. त्यांना खोकला आला नाही.

"त्यांच्याकडे उत्तर होतं," मी म्हणाले. पुढचं मला बोलता आलं नाही, तेव्हा वन्सं उठून आल्या आणि मला हाताला धरून जागेवर घेऊन गेल्या.