रावसाहेबांची झडती

"दुकानात न्यावं लागंल, काका," कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेला रेवणसिद्ध म्हणाला.

"न्यायचं न्हाय. काय करायचं ते हितंच कर, माझ्यासमोर."

रावसाहेबांनी खुर्ची ओढून कॉम्प्युटरच्या टेबलाला टेकवली. दुकानात नेलं की आतला चांगला भाग काढून घेतात आणि जुना बसवून देतात, याची त्यांना खात्री होती. रेवणसिद्धने वाद घातला नाही. पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि कॅबिनेटचं झाकण उघडलं.

रावसाहेबांची सगळी नोकरी गिरणीच्या गेटवर गेली होती. पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या कामगारांची झडती घ्यायची. डबा उघडायला लावायचा, कमर चाचपायची, कुणी सूत नेत नाही ना ते बघायचं. गिरणी बंद पडून जमाना झाला, नजर मात्र तशीच राहिली. आधी दूधवाल्यावर होती, अलीकडे सुनेवर.

सून दीक्षा घरी बसून छापखान्याची कामं करायची. पत्रिका, फलक, असलं. नवरा सतीश नोकरीला चाकणला, त्यामुळे घरात ही दोघंच. गेले काही दिवस काम संपत आलं की कॉम्प्युटर फटकन बंद व्हायचा आणि सगळी मेहनत पाण्यात. छापखान्याच्या मालकाने काल सांगूनच टाकलं होतं, आता उशीर झाला तर काम दुसरीकडे देईन.

बहुतेक वेळा ती चहा टाकायला आत गेली की पडदा काळा व्हायचा. बाहेरच्या खोलीत तेव्हा रावसाहेबांशिवाय कुणी नसायचं. विजेवरून त्यांची कुरकुर तिला माहीत होती. तेच बटण बंद करत असतील, असं तिच्या मनात आलं. आत जाताना ती मागे वळून बघू लागली. ते बघणं रावसाहेबांना बरोबर कळलं. त्यांना वाटायचं, हिलाच काम नकोसं झालंय, हीच बटण दाबते आणि आपल्यावर ढकलते. दोघांचं बोलणं 'जेवण वाढू का' एवढ्यावर आलं होतं.

"वहिनी, तुमचं जड काम लावा बरं एखादं," रेवणसिद्ध म्हणाला.

दीक्षाने एका मोठ्या फलकाची फाईल तयार करायला लावली. पडद्याच्या कोपऱ्यात रेवणसिद्धने प्रोसेसरचं तापमान लावून ठेवलं होतं. आकडा सरसर चढत गेला, नव्वदच्या पुढे गेला, आणि पडदा काळा झाला.

"कुणी हात बी लावला न्हाय," रावसाहेब म्हणाले. कुणाला म्हणाले ते त्यांनाच ठाऊक.

"लावायला कशाला पायजे? प्रोसेसर लई तापला की जळू नये म्हणून मशीन आपसूक बंद हुतंय."

"मोठी फाईल लावूनच मी चहाला जाते..." दीक्षा म्हणाली.

"पण पंखा तर फिरत हुता की!" रावसाहेबांचा संशय अजून गेला नव्हता.

रेवणसिद्धने पंख्याखालची धातूची जाळी बोटाने हलवली. ती एका बाजूने डुगडुगली. "फिरत हुता, पण हिची एक खुंटी निसटलीया. जाळी प्रोसेसरला टेकतच न्हाय, मग उष्णता जाणार कुटं?"

त्याने जाळी उचलली. उष्णता जाळीकडे नेणारा मधला लेप वाळून त्याची पूड झाली होती. रावसाहेबांनी वाकून प्रोसेसरचा मोबाईलवर फोटो काढून घेतला. रेवणसिद्धने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. जुना लेप पुसून त्याने नवा थेंबभर लावला, खुंट्या टकटक बसवल्या. तीच फाईल पुन्हा लावली. आकडा साठच्या आसपास घुटमळत राहिला. फाईल पुरी झाली.

पिशवी आवरून रेवणसिद्ध दाराशी गेला. तिथे त्याने पिशवी उघडून खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले.

"हे काय?"

"बघून घ्या की, काका. भिंतीवरचा तुमचा गिरणीच्या वर्दीतला फोटो मघाशीच वळखला. आमचे अप्पा तुमच्या गेटातनं असंच भायेर पडायचे. मल्लप्पा. विणाई खात्यात हुते."

त्याच्या आवाजात राग नव्हता. रावसाहेबांनी पिशवीकडे न बघताच विचारलं,

"कवा काय सापडलं हुतं का त्यांच्यापाशी?"

"तुमीच सांगा."

त्यांनी आठवून पाहिलं. वर झालेले पुष्कळ हात आठवले. चेहरा एकही आठवला नाही.

"सगळी गेली की साहेब माझी झडती घ्यायचे," ते हळू आवाजात म्हणाले. "रोज. हे घरात कुणाला ठावं न्हाय. हात खाली घे बाबा. अप्पा हायेत?"

"गेले की, मागच्या साली."

रेवणसिद्धने पिशवी उचलली आणि तो जिना उतरून गेला.

दीक्षा खुर्चीवर बसली. दुसरी मोठी फाईल लावली. "मामा, चहा टाकते," म्हणून उठली आणि या वेळी मागे वळून न बघता आत गेली.

चहाचे कप घेऊन ती बाहेर आली तेव्हा कॉम्प्युटर चालूच होता. खुर्ची रिकामी होती. रावसाहेब पार समोरच्या भिंतीशी, टेबलापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब, हाताची घडी घालून उभे होते.