‘भाऊ’ हे आडनाव नव्हे

“हेमराजभाऊ, हा नवा सर्व्हर मी बसवू काय?”

आफ्रीनच्या तोंडून प्रश्न निघाला आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या आचल आणि सायमानं एकमेकींचं तोंड दाबलं. त्यांना वाटलं होतं, ही दारातूनच माघारी फिरेल. शाळा सुटल्यापासून अख्ख्या रस्त्यानं आफ्रीनची एकच टेप चालू होती, की ‘तलाव-सोबती’च्या ऑफिसात जे खोकं पडून आहे ते आपल्याला सहज जमेल. शेवटी आचल वैतागली. “मग विचार ना जाऊन! विचारून दाखवलं तर आलूबोंडे माह्याकडून. नाई विचारलं तर आजपासून तुझं नाव बाताबाई.”

तर आता विचारून झालं होतं. आलूबोंडे पक्के झाले होते. पण खुर्चीतला माणूस हसला नव्हता.

हेमराजभाऊ म्हणजे तलाव-सोबतीचे प्रमुख. स्वतः मासेमाराच्या घरातले. मूल, सावली या गावांपासून थेट अहेरीपर्यंत तलावांत मासे पाळणाऱ्या सोसायट्यांना बोटुकली पोचवायची, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, आणि पुढं मासळी मोठी होईपर्यंत सोबत राहायचं, हे त्यांच्या संस्थेचं काम. आणि या सगळ्या कामाचा जीव होता कोपऱ्यातल्या एका घरघरणाऱ्या डब्यात. तो जुना सर्व्हर. कोण कुठल्या तलावावर कधी जाणार ते सगळ्यांचं मिळून एक कॅलेंडर त्यात, सोसायट्यांचे फोन नंबर त्यात, आणि विकीही त्यातच. विकीला तिथं सगळे ‘फळा’ म्हणत. ज्याला जे ठाऊक ते त्यानं लिहावं, चुकलं तर दुसऱ्यानं पुसून नीट करावं, म्हणून फळा. कुठला तलाव उन्हाळ्यात आटतो, कुठं कटला मासा वाढतो आणि कुठं नुसता गाळ, सगळं त्या फळ्यावर.

पण डबा म्हातारा झाला होता. कॅलेंडर उघडायला सांगून माणूस चहा पिऊन यायचा, तरी पान अर्धंच आलेलं असायचं. अहेरीच्या शाखेतून तर ते उघडतच नसे. नवा सर्व्हर आणून ठेवलेला होता, पण बसवणारा नागपूरचा माणूस “येतो, येतो” म्हणत होता आणि तोवर ऑफिसातले लोक त्या खोक्यावर ओल्या छत्र्या वाळत घालत होते. आफ्रीनला ते बघवत नव्हतं. तिचे अब्बू, कय्यूमभाई, जटपुरा गेटजवळ मोटार वायंडिंगचं दुकान चालवायचे आणि या ऑफिसचं इन्व्हर्टरही तेच बघायचे. त्यांच्यासोबत येऊन येऊन तिनं खोक्यातलं जाडजूड पुस्तक पाठ केलं होतं. दुकानात कोणीतरी टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर तीच प्रणाली बसवून पाहिली होती, बिघडवली होती आणि पुन्हा बसवली होती.

“अन् बिघडलं तर?” हेमराजभाऊंनी विचारलं.

“जुन्यातलं काहीच पुसत नाई मी. त्यातलं सगळं नव्यात उतरवायचं. नवा चालला तर ठीक, नाई चालला तर वायर परत जुन्याले. नवी मोटार पाणी फेकल्याबिगर अब्बू जुनी कुठी काढून फेकतात?”

भाऊंनी चष्मा काढला. नागपूरच्या माणसानं त्यांना हे कधी सांगितलं नव्हतं.

“उद्या इतवार आहे. संध्याकाळपर्यंत कर. पण आयक. सोमवारी पहाटे बोटुकलीची गाडी निघते. पिल्लं पिशवीत जास्त येळ जगत नाई. तलावावर घ्यायले माणूस उभा पाहिजे, अन् त्याच्यासाठी मले एक-एक नंबर जागच्या जागी पाहिजे. नाई जमलं, तर वायर जुन्याले. अन् मग पुन्हा या खोक्याले हात लावायचा नाई. कबूल?”

“कबूल!” ती इतक्या जोरात म्हणाली की बाहेर सायमा दचकली.

रविवारी सगळी फौज हजर झाली. आफ्रीन खुर्चीवर, अब्बू वायरींपाशी, आचल आणि सायमा आलूबोंड्यांपाशी. सकाळीच लाइन गेली. चंद्रपूरची वीज साऱ्या मुलखाला पुरते म्हणतात, फक्त चंद्रपूरला पुरत नाही. पण अब्बूंच्या इन्व्हर्टरनं नव्या सर्व्हरला पडू दिलं नाही, आणि लाइन परत आली तेव्हा कॅलेंडर नव्या घरात उतरलेलं होतं. मग फळा उतरला, तलावांच्या फोटोंसकट. शेवटी फोनची यादी. तेवढ्यात पडद्यावर एक चौकट आली: सारखी नावे सापडली. एकत्र करायची का?

“कोणती सारखी?” सायमानं विचारलं.

“असतील दोन-दोनदा लिहिलेली. ऑफिसवाले आहेत ना,” आफ्रीन ऐटीत म्हणाली आणि तिनं ‘हो’ दाबलं. कसं दाबलं? कॅरमची शेवटची सोंगटी टाकतात तसं.

दुपारी हेमराजभाऊ आले. कॅलेंडर त्यांच्या बोटाखाली टिचकीसरशी उघडलं. फळा उघडला. भाऊंच्या तोंडून “वाऽ!” निघालं. आफ्रीननं आचलकडं पाहून भुवई उडवली.

“सावलीच्या रामाजीभाऊचा नंबर काढ,” भाऊ म्हणाले.

आफ्रीननं काढला. यादीत रामाजी भाऊ एकच होता. मात्र त्याला फोन नंबरांचं भलंमोठं शेपूट फुटलं होतं, आणि ‘गाव’ या रकान्यात सावली, मूल, नागभीड, सिंदेवाही, चिमूर अशी सगळी गावं एकमेकांना चिकटून बसली होती.

“बापरे,” आचल म्हणाली, “हा एवढ्या गावचा जावई आहे काय?”

कोणीच हसलं नाही. आफ्रीननं खाली पाहिलं. डोमा भाऊ, एकच. सुकलू भाऊ, एकच. देवका बाई, त्याही एकच. जुन्या यादीत नावासाठी एकच चौकट होती. नव्यात दोन होत्या, नाव आणि आडनाव. नव्या सर्व्हरनं शेवटचा शब्द उचलून आडनावाच्या चौकटीत टाकला होता. ऑफिसात तर सोसायटीच्या माणसाला आडनावानं कधी कोणी हाकच मारली नव्हती. जो तो भाऊ, जी ती बाई. त्यामुळे सर्व्हरच्या लेखी सगळी भाऊ मंडळी एका घराण्यातली झाली, आणि गावोगावचे रामाजी मिळून एकच रामाजी. आणि ‘एकत्र करू का’ म्हणून तो बिचारा विचारत होता, तेव्हा ही बया ऐट करत होती!

तेवढ्यात पुन्हा लाइन गेली. पंखा थांबला.

“इन्व्हर्टर?” भाऊंनी विचारलं.

“सकाळीच पुरा पिऊन टाकला,” कय्यूमभाई हळूच म्हणाले.

“बरं. लाइन आली का वायर जुन्याले लाव, पोरी. काही वाईट वाटून घेऊ नको. पण पहाटे गाडी आहे.” भाऊ व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

आफ्रीननं डोळे कोरडे ठेवले, पण त्यासाठी तिला बरीच मेहनत पडली. आचलनं उरलेला आलूबोंडा तिच्यापुढं सरकवला. तो नुसताच पुढ्यात पडून राहिला. खोकं पुन्हा कोपऱ्यात जाणार, त्यावर छत्र्या येणार, आणि शाळेत आपलं नाव बाताबाई.

अब्बूंचा मोबाईल वाजला. “हॅलो? कोण? रामाजीभाऊ? कोणते रामाजीभाऊ? अच्छा अच्छा, मूलचे! बोला ना, मोटार तयार आहे तुमची.”

आफ्रीन ताडकन उठली.

“अब्बू, काय म्हटलं तुम्ही?”

“मोटार तयार आहे म्हटलं.”

“त्याच्या पयले!”

“कोणते रामाजीभाऊ म्हटलं. मूलचे. काऊन?”

“आडनाव काय त्यांचं?”

कय्यूमभाईंनी डोकं खाजवलं. “आता आडनाव कोणाले माहीत, बेटा? मूलचे आहेत ते.”

“हेच ना! गाव हेच आडनाव आहे!” ती एवढ्यानं ओरडली की भाऊ आत आले. “अन् रामाजी आणि भाऊच्या मधात जी रिकामी जागा आहे ना, तिनं सगळा घोळ केला! मराठीच्या मॅडम दर वेळी लाल पेनानं जोडून देतात, भाऊ जोडून लिहा, बाई जोडून लिहा. जोडलं का झाला एक शब्द! रामाजीभाऊ हे नाव, अन् सावली हे आडनाव!”

“लाइन आली का वायर जुन्याले,” भाऊ म्हणाले, पण आधीइतकं ठाम नाही.

“लावते ना. शब्द दिला मी.” आणि लाइन आल्याबरोबर तिनं सगळ्यांच्या देखत वायर जुन्याला लावली. डबा घरघरायला लागला. “हे पाहा, तुमचं ऑफिस जागच्या जागी. आता नवा बाजूले एकटा चालू ठेवते. गाडीवाल्याच्या हाती कोणती यादी द्यायची, ते तुम्ही दोन्ही पाहून ठरवा. चालते?”

कय्यूमभाईंनी इन्व्हर्टरच्या मागे तोंड लपवलं, कारण त्यांना हसू आलं होतं. पोरीनं शब्दही पाळला होता आणि मैदानही सोडलं नव्हतं.

“चालते,” भाऊ म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

तिनं जुन्या डब्यातून यादी पुन्हा बाहेर काढली. आधी एकट्या सावलीच्या रामाजीभाऊवर करून पाहिलं. नावातली रिकामी जागा काढली, गाव आडनावाच्या रकान्यात घातलं, नव्यात सोडलं. नीट बसलं. मग सगळ्यांवर. सायमा एकेक नाव मोठ्यानं वाचत होती, आचल डोळे फाडून जोडलेले भाऊ आणि बाई तपासत होती. “ए, हा भाऊ सुटा राह्यला! जोड त्याले!”

पुन्हा ती चौकट आली. सारखी नावे सापडली. एकत्र करायची का? या वेळी आफ्रीनचा हात हवेतच थांबला.

“दाखव तरी कोणती,” ती पडद्यालाच म्हणाली. एकच जोडी होती. डोमाभाऊ सिंदेवाही, दोनदा. नंबरही तोच.

“हा खरंच दोनदा लिहिला. मीच लिहिला असन,” हेमराजभाऊंनी कबूल केलं. तिनं ‘हो’ दाबलं.

आणि यादी उघडली! ती आडनावांप्रमाणे लागली होती, म्हणजे गावांप्रमाणे. चिमूरची माणसं चिमूरखाली, नागभीडची नागभीडखाली, सावलीची सावलीखाली. गाडी ज्या गावात शिरेल, तिथली सगळी माणसं एका जागी. भाऊंनी जुन्या डब्यावरची यादी पाहिली, नवी पाहिली, पुन्हा जुनी पाहिली.

“एवढी वर्षं आम्ही ‘र’खाली रामाजी शोधत बसलो,” ते म्हणाले. “कय्यूमभाई, वायर नव्याले लावा.”

“मी नाई,” कय्यूमभाई म्हणाले, “जिचा सर्व्हर तिनं लावावी.”

तिनं लावली. थोड्याच वेळात अहेरीहून फोन आला. तिथलं ऑफिस सांभाळणाऱ्या सोमारीताईचा आवाज फोनबाहेरही सगळ्यांना ऐकू येत होता. “अवो भाऊ, इथी कॅलेंडर दिसून राह्यलं! पुरं! पयल्यांदा! कोण आलं होतं, नागपूरवाला?”

“नाई बाई,” भाऊ म्हणाले, “जटपुरा गेटवाली.”

सोमवारी शाळेत आफ्रीनचं काही लक्ष नव्हतं. शाळा सुटताच ती दप्तरासकट ऑफिसात धावली. गाडीवाला मुन्ना नुकताच परतला होता. “प्रत्येक तलावावर माणूस हंडा घेऊन उभा!” तो सांगत होता. “एक पिशवी वाया गेली नाई. मी गावाचं नाव उघडलं, फोन लावला, बस.” तेवढ्यात देवकाबाईंचा फोन आला, सावलीच्या देवकाबाईंचा. दर वर्षी त्यांना कळेपर्यंत गाडी पुढं निघून जायची. यंदा वेळेवर निरोप मिळाला होता आणि पिल्लं त्यांच्या तलावात पोहत होती. “ज्यानं कोणी हे केलं त्याले सांगा,” त्या म्हणाल्या, “मासोळी निघाली का पयली त्याच्या घरी.”

“त्याच्या नाई, तिच्या,” भाऊंनी सुधारलं.

मग सोमारीताईचा फोन पुन्हा आला, आणि या वेळी तिनं भाऊंना नाही, आफ्रीनलाच मागितलं. अहेरीचाही एक डबा घरघरत होता. “अन् आयक, पोरी, सिरोंच्याकडच्या तेलुगू लोकांचं घराचं नाव पयले येते, माणसाचं मागून. तुझ्या दोन चौकटींचं काय करशील?”

“तिथी आल्यावर पाहू, ताई,” आफ्रीन म्हणाली. आणि मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं.

ती दुकानात पोचली तेव्हा अम्मी पुढच्या बाजूला झेरॉक्स काढत होती आणि अब्बू मागं मोटारीवर तार गुंडाळत होते. आफ्रीननं दप्तर काउंटरवर ठेवलं.

“अम्मी, अब्बू. येत्या शनिवारी मी अहेरीले जाऊन राह्यली. सोमारीताईच्या ऑफिसचा सर्व्हर बसवायले.”

अम्मीनं मशीन थांबवली. “हे तू विचारून राह्यली, का सांगून राह्यली?”

“सांगून राह्यली, अम्मी,” आफ्रीन म्हणाली. “अन् अब्बू, तुम्ही सोबत चला. वायर धरायले माणूस लागते मले.”