करंगळीचं वरचं पेर

धाकटी सासर सोडून कायमची परत आली, त्याच वर्षी दादाने तिला बारापर्यंत मोजायला शिकवलं.

तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. लॉन्ड्रीत इस्त्रीला होती, रोज शेकड्यांनी चादरी मोजून ठेवत होती. पण दादाचं मोजणं निराळं होतं.

"इस्त्री थांबव जरा," तो टेबलाशी येऊन म्हणाला.

"चादर जळेल."

"मग चालू ठेव, पण माझ्याबरोबर चालव. चार ठोक्यांचं एक घर. एक, दोन, तीन, चार. पुढच्या घरात शिरताना पुन्हा एक म्हणायचं नाही, घराचा आकडा म्हणायचा. दोन, दोन, तीन, चार. मग तीन, दोन, तीन, चार. अशी बारा घरं झाली की गाणं फिरून पहिल्या घरी."

"आणि मध्येच शिंक आली तर?"

"तर बेघर."

दादा पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर होता. रविवारी दुपारी कारखान्याच्या कँटीनमध्ये तो गायचा. गिटारवर पोस्टमन, जाड तारांच्या मोठ्या बेसवर सुतार. पोस्टमनला आणि सुताराला सगळे त्यांच्या धंद्यानेच हाक मारत. हे गायचे त्या गाण्यांना ब्लूज म्हणतात. दादाला ती एका म्हाताऱ्या फोरमनने आपल्या तबकड्या ऐकवून शिकवली होती. त्यांचा ड्रमवाला गाव सोडून गेला होता आणि कामावरून घरी आली की भिंतीकडे बघत बसणारी बहीण दादाला बघवत नव्हती.

"कागदावर ताल चारास चार लिहितात," तो सांगायचा. "पण प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन बारके ठोके असतात. पहिला वाजवायचा, मधला गिळायचा, तिसरा हळूच सोडायचा. म्हणून काही शहाणे बारास आठ लिहितात. तू लिहिण्याच्या भानगडीत पडू नको. लंगडा माणूस घाईत नसला की कसा चालतो, तसं वाजव."

"आमचे हे पिऊन यायचे तसं?"

"तो पाचात चालायचा. तसं नको."

सहा महिन्यांनी धाकटी पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

गाण्याच्या ओळी तीन. पहिली चार घरांची, दुसरी चार घरांची आणि तिसरी चार घरांची. दुसरी ओळ म्हणजे पहिलीच, पुन्हा.

"तेच तेच का म्हणायचं?" तिने विचारलं.

"एकदा सांगितलेलं दुःख कोण ऐकतं? दुसऱ्यांदा सांगितलं की मान वर करतात. तिसऱ्या ओळीत मग त्याला उत्तर द्यायचं. आणि गाणाऱ्याने ओळीची दोनच घरं घ्यायची. उरलेल्या दोन घरांत गिटार बोलते. माणसाने बोलून झालं की गप्प बसावं."

गाताना दादाचा डावा हात मांडीवर असायचा आणि अंगठा बोटांवरून चालायचा. चार बोटांची वरची चार पेरं ही पहिली ओळ, मधली चार दुसरी, खालची चार तिसरी. ठोके तो मोजत नसे, ते अंगातच होते. घर बदललं की अंगठा एक पेर पुढे सरकायचा. वीस वर्षांत त्याचं एक घर चुकलं नव्हतं.

पुढच्या वर्षी प्रेसच्या साच्याखाली त्याच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर गेलं.

दीड महिन्याने तो कँटीनमध्ये परत आला. हाताला पांढरी पट्टी, अंगात धाकटीने कडक इस्त्री केलेला शर्ट. पहिली ओळ गायला. अंगठा तर्जनीवर, मधल्या बोटावर, अनामिकेवर गेला. पुढे टेकायला जागाच नव्हती, तो सरळ मधल्या रांगेत उतरला आणि दादाने दुसरी ओळ उचलली. गिटार अर्ध्यात अडकली. बेस एकीकडे, ड्रम दुसरीकडे. ऐकायला बसलेल्यांपैकी कोणीतरी चमचा आपटून हसलं.

"दादा, एक घर खाल्लंस," पोस्टमन म्हणाला.

"कुठलं?"

"चौथं. माझं बोलायचं घर. माझ्या गिटारीचं तोंडच दाबलंस की तू."

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. उजव्या हातावर मोजून पाहिलं, तर गाण्याचे शब्दच पळाले. मनात मोजून पाहिलं, तरी चौथ्या घराशी आला की उडी.

"आता काय पायाच्या बोटांवर मोजू?" तो हसत म्हणायचा. पण घरी जाताना रस्ताभर अंगठा बोटांवरून चालवत राहायचा. कारखान्यानेही त्याला प्रेसवरून काढून फाटकावर बसवलं होतं. दिवसभर गाड्यांचे नंबर लिहायचे. रविवार तेवढा त्याचा राहिला होता.

एका शनिवारी पोस्टमन लॉन्ड्रीच्या दाराशी आला. सायकलवरून उतरलाही नाही.

"शाळेतला एक कारकून आहे. आवाज चांगला आहे, कागद बघून गातो. दादाला तू सांगशील? तू बहीण आहेस."

"काय सांगू?"

"जे खरं आहे ते. बारा म्हणजे बारा. माझं काही वैर आहे का त्याच्याशी?"

रविवारी दुपारी ती सांगायलाच म्हणून दादाच्या खोलीत गेली. तो स्वतःच्या शर्टाची बटणं लावत होता. डाव्या हाताने कॉलरचं बटण सापडेना. तिने पुढे होऊन ते लावलं.

"आज जमेल बघ," तो म्हणाला.

"जमेल," ती म्हणाली.

कँटीनमध्ये कारकून मागच्या बाकावर कागद घेऊन बसला होता. दादाने पहिली ओळ गायली. धाकटी ड्रमवरून त्याच्या अंगठ्याकडे बघत होती. अंगठा अनामिकेवर आला. तिसऱ्या घराच्या चौथ्या ठोक्यावर तिने सगळा जोर लावून झांज वाजवली आणि दादाबरोबर थेट पुढच्या ओळीत उतरली. सुताराने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तोही उतरला. पोस्टमन धावत मागून आला. दुसऱ्या फेरीला तिने पुन्हा तसंच केलं, तिसऱ्या फेरीला पोस्टमन वेळेवर होता.

गाणं संपल्यावर तो तिच्यापाशी आला. "अकरा घरांचं गाणं जगात कुठे असतं का?"

"इथे असतं," ती म्हणाली. "चालत नसेल तर ड्रमवालीही नवी आण."

पोस्टमनने गिटारची खुंटी उगाच पिळली. कारकुनाने कागदाची घडी घातली.

त्यानंतर नऊ वर्षं त्या कँटीनमध्ये अकरा घरांचंच गाणं झालं. ऐकणाऱ्यांचे पायही तसेच पडायला लागले.

मग दादाच्या फुप्फुसांनी दगा दिला. इस्पितळात खिडकीशी त्याची खाट होती. धाकटी कामावर जाण्याआधी सकाळी त्याच्याकडे जायची. एका सकाळी तो म्हणाला, "हात दे."

तिने डावा हात पुढे केला. त्याने तो आपल्या हातात धरला आणि अंगठा तिच्या तर्जनीच्या वरच्या पेरावर ठेवला. आवाज नव्हताच, नुसता श्वास होता.

दार उघडं ठेवलं मी, कोणी आलंच नाही...

दोन घरं झाली. अंगठा अनामिकेवर गेला, थांबला. मग तिच्या करंगळीच्या वरच्या पेरावर गेला आणि तिथेही थांबला. चार, दोन, तीन, चार. ते घर किती मोठं आहे हे धाकटीला इतक्या वर्षांनी कळलं.

"इथे पोस्टमन बोलतो," दादा म्हणाला. "बिचाऱ्याला नऊ वर्षं बोलू दिलं नाही मी."

"म्हणजे तुला कळत होतं?"

"बारा मोजता येतात गं मला." तो बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. "तिथे आलो की ते पेर दुखायचं. नसलेलं. उभंच राहवायचं नाही. म्हणून पळायचो."

"मग सांगायचंस की."

"तू पळत होतीस ना बरोबर."

मग त्याने दुसरी ओळ म्हटली, तीच. तिसरी ओळ म्हणायला दम उरला नव्हता. अंगठा मात्र शेवटच्या पेरापर्यंत गेला.

त्यानंतरच्या रविवारी शाळेतला कारकून गायला. आता त्याचेही केस पांढरे झाले होते. त्याने कागद समोर धरून पहिली ओळ नीट म्हटली आणि तिसऱ्या घराच्या शेवटी धाकटी, पोस्टमन आणि सुतार तिघंही एकदम पुढच्या ओळीत उतरले. कारकून एकटाच चौथ्या घरात मागे राहिला.

"माझं चुकलं का?" त्याने घाबरून विचारलं.

"नाही," पोस्टमन म्हणाला. "तू बरोबर होतास."

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी धाकटी चौथ्या घरात थांबली. आता ते घर पोस्टमनचं होतं. त्याने गिटारच्या तारांवर हात सपाट ठेवला आणि काही वाजवलं नाही. मोठ्या ड्रमवर तिचा पाय तेवढा पडत राहिला. चार, दोन, तीन, चार.

दादा त्याच आठवड्यात, नऊ मार्चला, मंगळवारी सकाळी सव्वासहा वाजता गेला होता. तो त्रेपन्न वर्षांचा होता.